'जागृतीचा अभाव' नव्हे, अंतराचा प्रश्न

गोव्यातल्या आदिवासी भागातील लसीकरणावरच्या तुमच्या लेखातले बाकी ठीक आहे, पण गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी जमातींच्या बायका 'जागृतीअभावी' मुलांना लसीला आणत नाहीत, हे वाक्य खटकले. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर माझ्या वहिनीने बाळाचे लसीकरण कार्ड रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेय, पुढची तारीख तिला तोंडपाठ. अडते ते बसपाशी. सकाळची कदंब बस चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही, आणि मार्च-एप्रिलात लसीचा दिवस नेमका बोंडू (काजूची फळे) गोळा करायच्या वेळी. एक सकाळ बुडवली की त्या दिवसाचे पैसे गेले. तरी ती गेली, तर नर्सबाई मीटिंगला! असो.

दुसरे, लेखात एक मोठी गोष्ट सुटलीय. देशभर गावोगाव आशा ताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, घरी जाऊन गरोदर बाईची चौकशी करते. गोव्यात ती योजनाच राबवली गेली नाही. 'राज्य छोटे, दवाखाने जवळ' हे म्हापसा-मडगावला खरे असेल. डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र हा निकष कागदावर पूर्णही होईल, पण नेत्रावळी, गावडोंगरीकडे ते ३,००० लोक कितीतरी वाड्यांत विखुरलेत. १५० ते ३०० वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद आहे. २००३ साली गावडा, कुणबी, वेळीपांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यानंतर अशा किती मिनी अंगणवाड्या आल्या, ते लेखकांनी खात्याला विचारावे. आणि लसीची पेटी महिन्यातून एकदा, काजूच्या दिवसांत संध्याकाळी, वाड्यावरच का येऊ नये, हेही.