घरच्या घरी खाणकाम : होतकरूंसाठी काही सूचना

बिटकॉइन या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे अचूक आकडा ताडून नवी नाणी मिळवण्याचे काम, करणारा सर्किट बोर्ड स्वतःच्या हाताने घडवण्याची इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर आपले हार्दिक अभिनंदन. ऐन मे महिन्यात हीच इच्छा शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याच्या मनात उत्पन्न झाली आणि तिच्या पूर्ततेचा खर्च मी सोसलेला असल्यामुळे, आपणांस मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला आपोआपच प्राप्त झाला आहे.

सर्वप्रथम, हिशेबाच्या नादी लागू नये. एका चिपचा छोटा बोर्ड सेकंदाला साधारण ५०० गिगाहॅश, म्हणजे ५० हजार कोटी प्रयत्न करतो, हे कट्ट्यावर सांगायला फार शोभून दिसते. जगभरची यंत्रे मिळून सेकंदाला ६०० एक्साहॅशहून अधिक करतात (एक एक्साहॅश म्हणजे शंभर कोटी गिगाहॅश), हे मात्र त्याच दमात सांगू नये. कारण त्या प्रमाणात एकट्या बोर्डाला ३.१२५ बिटकॉइनच्या बक्षिसाचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, लागायला सरासरी २० हजार वर्षांहून जास्त काळ जातो आणि आपला तर शेवटच्या वर्षाचा निकालही अजून लागायचा आहे.

आराखड्यावर फार वेळ घालवू नये. त्या नखाएवढ्या चिपला १.२ व्होल्टच्या आसपास दहा-बारा ॲम्पिअर पुरवावे लागतात, म्हणून जाणकार मंडळी अनेक थरांचा बोर्ड कारखान्यातून करून घेतात. आपण नव्या पेठेतून एका थराचा कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पातळ पत्रा चढवलेला कोरा बोर्ड, आणावा.

आता एचिंग, म्हणजे टोनरने झाकलेल्या रेषा सोडून बाकीचे तांबे द्रावणात विरघळवणे. झेरॉक्सच्या दुकानातून चकचकीत कागदावर लेझर प्रिंट काढून तो तांब्यावर ठेवावा आणि मामीच्या इस्त्रीने दाबावा. कागद सरकला की टोनर इस्त्रीच्या तळाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर बोर्डाचा काळा कोपरा उमटतो. त्यास कलाकुसर समजावे. त्यानंतर फेरिक क्लोराइडचे द्रावण अंघोळीच्या टबात कालवावे, कारण वेगळे भांडे आणण्यास बाजारात जावे लागते. बोर्ड खंगाळून झाला की तांबे मिसळलेले ते द्रावण मोरीत ओतून द्यावे, म्हणजे शहाबादी फरशीवर गंजाच्या रंगाचा जो नकाशा उमटतो, तो लिंबाने, चिंचेने, कशानेही निघत नाही. मग घाबरून पिंपातले पाणी ओतावे. एक बादली, दुसरी, तिसरी. डाग जात नाही असे दिसले की चौथी ओतावी. पाण्याची पाळी पाचव्या दिवशी आहे, हे सोलापुरात जन्मलेल्या मुलाला कोणी सांगावे? शेवटी उरलेला चिखल पुसायला मामीने लग्नात आंदण आणलेला टर्किश टॉवेल घ्यावा, पोतेरे घेऊ नये.

चिप गार राखण्याची व्यवस्था आधीच करावी. बाहेर ४४ अंश असताना १५ वॅटच्या चिपसाठी दीडशे वॅटचा कूलर रात्रभर चालवावा आणि त्यातही पिंपातलेच पाणी भरावे.

बिटकॉइन विकून उत्पन्न झालेच तर त्यावर ३० टक्के कर आहे आणि यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही.

वीज जोडण्याचा मुहूर्त रविवारी सायंकाळी होता. बोर्डाने चार सेकंद काम केले, ते काम म्हणजे धूर. भाच्याने व्होल्टेजला दोष दिला. मी भिंग लावून पाहिले, तर शेजारच्या दोन पिनांमध्ये शिशाचा थेंब तसाच होता.

अरे, बोर्ड करणे वाईट कोणी म्हटले? मीही तुझ्या वयात रेडिओ उघडून बसत असे. आधी एक साधा पॉवर सप्लाय कर, मल्टिमीटरने ट्रॅक तपास, सोल्डर करताना हात स्थिर ठेव. ते कंटाळवाणे वाटते, कारण त्यात पैसा दिसत नाही, आणि पैसा दिसला की तुम्हा लोकांना मोरी, पिंप, दुसऱ्याची इस्त्री, दुसऱ्याचा टॉवेल काहीच दिसेनासे होते. तुझ्या मामीने काल अर्ध्या बादलीत डोके धुतले. पुढचे पाणी गुरुवारी पहाटे आहे. चारला उठायचे, दोन्ही पिंपे तूच भरायची, आणि तोवर कूलर बंद.