सेलम हायब्रिड म्हणता, मग हळदीचं बी दाखवा

अक्षय्य तृतीया जवळ आली, हळदीच्या लागवडीची लगबग सुरू झाली, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो: ‘सेलम ही जनुकं बदलून केलेली हायब्रिड हळद आहे. देशी हळदीचं बी पेरा. देशी हळद जास्त पिवळी, म्हणून जास्त औषधी. आंबेहळद आणि काळी हळद या तिच्याच मूळ जाती.’

आधी हायब्रिडचं बघू. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३. तिनांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी होत नाही, त्यामुळे तुरा आला तरी बी क्वचितच धरतं. ज्वारी-मक्यासारखं संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं, अशी सोयच हळदीत नाही. सेलम हे तमिळनाडूतलं शहर, नाव तिथलं. आपल्याकडच्या, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘कृष्णा’ ही जातसुद्धा चांगले गड्डे निवडून, तेच वाढवून तयार झाली. जनुकबदल केलेलं जे पीक आपल्याकडे मान्यतेनं शेतात आहे, ते बीटी कापूस.

‘बी पेरा’ हे तर गंमतीचंच. आपण बेणं लावतो, म्हणजे जेठे गड्डे, झाडाच्या बुडाचे मुख्य कंद लावतो. गंमत अशी, की बियांपासून निघालेल्या ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ या जाती खरोखर आहेत, पण त्या कोळिकोडच्या सरकारी मसाले संशोधन संस्थेनं रोपं वाढवून निवडल्या. म्हणजे बियांची हळद हवी, तर ज्या प्रयोगशाळेला शिव्या घालता तिथंच जावं लागेल.

पिवळेपणाचं थोडं खरं आहे. रंग कुरकुमिन या हळदीतल्या द्रव्याचा, आणि मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ते सात टक्क्यांच्या आसपास भरतं, तर बऱ्याच जातींत निम्म्याच्या जवळपास. पण त्यात जातीइतकाच जमिनीचा आणि हवेचा हात असतो. शिवाय भुकटीचा भडक पिवळा रंग भेसळीचाही असू शकतो.

आंबेहळद वेगळी प्रजाती आहे. तिची गुणसूत्रं ४२, वास कैरीचा, ती लोणच्यात घालतात. काळी हळदही वेगळीच. एका कुळातल्या चुलतबहिणी म्हणा, आई-आजी नव्हेत.

मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या मनातली एक भीती मला पटते, नेम चुकलाय एवढंच. गड्ड्यापासून गड्डा करत गेलं, की सगळं शेत एकाच झाडाची नक्कल होतं. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वेगळा दिसलेला गड्डा बाजूला काढून लावला, म्हणून राजापुरी, वायगाव अशी विविधता टिकली. आता जिकडेतिकडे सेलमच लावली आणि कंदकूज आली, तर तिला अडवणारं दुसरं काही शिवारात उरत नाही. म्हणून घरचं जुनं बेणं असेल, तर बांधाकडेच्या एका सरीत तरी ते लावा. सेलम काढून टाकायची गरज नाही.