चर्चनं दानधर्म करावा, कायद्यात कशाला पडावं? ‘एक पुणेकर’ यांना उत्तर

एक पुणेकर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: नॉर्थ कॅरोलायनातल्या पाद्र्यांनी मेडिकेडसाठी (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात) दहा वर्षं जो लढा दिला त्यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कट्टर इव्हँजेलिकल (बायबल अक्षरशः मानणारे, बहुतेक उजव्या विचारांचे ख्रिश्चन) लोक राजकारणात धर्म आणतात तेव्हा मी टीका करते आणि या पाद्र्यांनी आणला की टाळ्या वाजवते, खरी कळकळ असेल तर चर्चनं स्वतःच्या खिशातून दानधर्म करावा, दुसऱ्याच्या टॅक्सवर पुण्य कमवू नये, हे सगळे डावेच, आणि तसंही मिशनऱ्यांची सेवा म्हणजे शेवटी धर्मांतरच. वर तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी डॅलसला असते, इन्शुरन्स आहे, तिचं कधी काही अडलं नाही.

दानधर्माचा मुद्दा आधी घेते कारण मला सगळ्यात जास्त तोच लागला. हे लोक दानधर्म करत नाहीत असं तुम्ही गृहीत धरलंय. अहो, करून करून थकले म्हणून तर ते विधानसभेच्या दारात गेले.

मी रॅलेच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीच्या, जवळ राहते. इथल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये शनिवारी फुकट क्लिनिक चालतं, तिथे मी आठ वर्षं रजिस्टर लिहायला आणि बीपी मोजायला जाते, मी ख्रिश्चन नाही आणि मला तिथे कुणी कधी विचारलंही नाही. तिथे एक बाई यायच्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, जेवू घालणं, औषधं वेळेवर देणं हे त्यांचं काम. पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्समधून एक छोटी डबी काढून दाखवली, आत कापसात बीपीच्या गोळ्यांचे तुकडे, काही अर्धे, काही चतकोर, भाजीच्या सुरीनं कापलेले. महिन्याच्या गोळ्या तीन महिने पुरवत होत्या. वरचा आकडा १९८ होता, मी दुसऱ्या हातावर परत मोजला तरी तेवढाच.

या बाई रोज काम करत होत्या हे लक्षात घ्या. मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, त्यामुळे जुन्या नियमानुसार त्या कितीही गरीब असल्या तरी मेडिकेडमध्ये बसत नव्हत्या. आणि ओबामाकेअरची (ओबामांच्या २०१० च्या आरोग्य विमा कायद्याची) सबसिडी सुरू होते ती गरिबीरेषेच्या वर, कारण कायदा करताना गृहीत धरलं होतं की खालच्यांना मेडिकेड मिळेलच. मग २०१२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांनी ठरवावं, आणि २०१३ मध्ये आमच्या राज्यानं नाही म्हणून कायदाच केला. खर्चाचा ९० टक्के भाग केंद्र देणार होतं तरी! म्हणजे थोडे जास्त पैसे मिळवणाऱ्याला मदत आहे आणि कमी मिळवणाऱ्या या बाईंना काहीच नाही.

क्लिनिकनं त्यांना गोळ्या दिल्या. पण छातीत दुखतंय म्हटल्यावर पुढच्या तपासण्या कुठून आणायच्या? तिथल्या पाद्रीबाई मला एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, आम्ही शुगरची पट्टी देऊ शकतो, बायपास नाही करू शकत. दानधर्म जिथे संपतो ती जागा कुठली ते, पुणेकर, दानधर्म करणाऱ्यालाच नेमकं माहीत असतं.

एक उदाहरण आकड्यांसकट देते. २०१९ मध्ये शिकागोच्या आसपासच्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या मंडळ्यांनी ३८,००० डॉलर गोळा केले आणि आरआयपी मेडिकल डेट नावाच्या संस्थेमार्फत ५,८८८ कुटुंबांचं हॉस्पिटलचं कर्ज विकत घेऊन रद्द केलं. किती कर्ज? ५३ लाख डॉलर. कारण इथे थकलेली बिलं वसुलीवाल्यांना कवडीमोलानं विकली जातात, डॉलरमागे एक सेंटसुद्धा मिळत नाही. वाचून मला आधी आनंद झाला, मग झोप उडाली. बाजाराच्या हिशेबानं ज्या बिलाची किंमत एक सेंटही नाही त्याच बिलापायी माणसाला जेवताना वसुलीचे फोन येतात, त्याच बिलाच्या धास्तीनं तो पुढच्या वेळी डॉक्टरकडे जायचं टाळतो. त्या कुटुंबांना कर्ज माफ झाल्याची पत्रं गेली, फार चांगलं झालं. पण पुढच्या वर्षी नवी बिलं आहेतच ना, चर्चनं किती वर्षं झोळी फिरवायची?

म्हणून मग मॉरल मंडे, म्हणजे दर सोमवारची निदर्शनं. गोल्ड्सबरोच्या ग्रीनलीफ ख्रिश्चन चर्चचे पास्टर विल्यम बार्बर, मणक्याच्या जुन्या आजारामुळे काठी टेकत चालणारा माणूस, २९ एप्रिल २०१३ ला रॅलेच्या विधानभवनात गेले आणि त्या दिवशी १७ जणांना अटक झाली. मग दर सोमवारी लोक जात राहिले, त्या उन्हाळ्यात ९०० हून जास्त अटका झाल्या. मागण्या बऱ्याच होत्या, मतदानाचा हक्क, शाळा, बेकारभत्ता, पण मेडिकेड पहिल्यापासून त्यात होतं. बार्बर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन नेहमी सांगतात, अन्यायाचे कायदे करून गरिबांचा हक्क हिरावणाऱ्यांना उद्देशून असलेलं. त्यात दोष दान न देणाऱ्याला नाही दिलेला, वाईट कायदा करणाऱ्याला दिलाय.

आणि हे सगळे डावे असं तुम्ही म्हणता तर बेलहेवनचं ऐका. किनाऱ्याजवळचं छोटं गाव, तिथलं हॉस्पिटल तोटा होतो म्हणून १ जुलै २०१४ ला बंद केलं. काही दिवसातच ४८ वर्षांची एक बाई हेलिकॉप्टरची वाट बघता बघता गेली. तिथले मेयर अॅडम ओनील, रिपब्लिकन बरं का, हॉस्पिटल परत सुरू करा, मेडिकेड वाढवा म्हणत गावातून चालत निघाले ते २७३ मैल चालून वॉशिंग्टनला पोचले, आणि त्यांच्या पाठीशी कोण उभं राहिलं तर बार्बर. मला त्या दोघांचं एका मंचावर येणं फार मोलाचं वाटतं.

आता टाळ्यांचं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर खरंच विचार केला. धर्माचं वचन घेऊन विधानसभेत जाणं हे दोन्हीकडे सारखंच, हे मला मान्य. फरक मला दिसतो तो काय मागतात त्यात. माझ्या श्रद्धेप्रमाणे तुम्ही वागा असा कायदा मागणं वेगळं, आणि प्रत्येक गरिबाला मेडिकेडचं कार्ड द्या, तो कोणाला मानतो ते न विचारता, असं मागणं वेगळं. उद्या या मंडळींनी पहिल्या प्रकारचं काही मागितलं तर मी त्यांच्याही विरुद्ध लिहीन, हे तुम्ही जपून ठेवा आणि मला दाखवा.

आणि चर्चमध्ये एकमत होतं असं तर मुळीच नाही. २०१० च्या मार्चमध्ये कॅथलिक बिशपांनी गर्भपाताच्या मुद्द्यावरून ओबामाच्या बिलाला विरोध केला तेव्हा सिस्टर सिमोन कॅम्पबेल आणि इतर नन्सनी जाहीर पत्र लिहून पाठिंबा दिला, प्रतिनिधीगृहात बिल २१९ विरुद्ध २१२ असं काठावर पास झालं. व्हॅटिकनची नाराजी त्यांनी नंतर सोसली. आपल्याच वरिष्ठांविरुद्ध उभं राहणं किती अवघड असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

एक चूक मात्र कबूल करते. मूळ लेखात मी सगळं श्रेय चर्चला दिल्यासारखं झालंय, ते बरोबर नाही. हॉस्पिटलवाले मागे लागले होते, केंद्रानं जास्तीचे दीड अब्जाहून अधिक डॉलर देऊ केले, आणि राज्याच्या सिनेटचे रिपब्लिकन नेते फिल बर्गर, जे वर्षानुवर्षं विरोधात होते, त्यांनी मत बदललं. हे सगळं जुळलं तेव्हा २७ मार्च २०२३ ला मेडिकेड वाढवायच्या कायद्यावर सही झाली. पण जमत नव्हतं त्या दहा वर्षांत हा विषय विझू दिला नाही तो याच लोकांनी.

धर्मांतराबद्दल फार नाही लिहीत. माझ्या आजीचं पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं, वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या. आजी घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची पूजा पूर्वीसारखी सुरू झाली. दुसऱ्यांचे अनुभव वेगळे असतील, माझ्या घरातला हा आहे. आणि मेडिकेडचं कार्ड तर सरकार देतं, त्यात चर्चला एकही माणूस मिळत नाही.

तुमच्या मुलीचं काही अडत नाही याचा मनापासून आनंद आहे, कधी अडू नये. पण तिचा इन्शुरन्स नोकरीतून येतो, आणि टेक्ससनं अजून मेडिकेड वाढवलेलं नाही. तिच्या ऑफिसात रात्री झाडलोट करणाऱ्यांचं काय होतं, ते एकदा तिलाच विचारा.

आमच्याकडे १ डिसेंबर २०२३ पासून नवा नियम लागू झाला, वर्षभरात ६ लाखांहून जास्त लोक आत आले. त्या बाईही आल्या, तपासणी झाली, एक स्टेंट बसला. आता २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं २०२७ पासून महिन्याला ८० तास कामाचा पुरावा द्यायचाय, आणि आमच्या राज्याच्या कायद्यात अशी अट आहे की केंद्राचा वाटा ९० टक्क्यांच्या खाली गेला तर सगळंच बंद. केंद्राचा तो कायदा होऊ घातला होता तेव्हा, २०२५ च्या एप्रिलमध्ये, बार्बर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या (संसदभवनाच्या) घुमटाखाली प्रार्थना करायला गेले आणि त्यांना परत अटक झाली.

बाईंची कामं चार घरांत विभागलेली आहेत, दोन घरी रोख पैसे मिळतात, तासांचा कागद कोण देणार हे त्यांना कळत नाहीये. मागच्या शनिवारी बीपी मोजून झाल्यावर आम्ही दोघी एका वहीत रेघा मारून तारीख, घर, तास असे रकाने आखत बसलो होतो.