गूगल तोडलं म्हणून खात्यातले पैसे अडकत नाहीत

तासगावच्या आमच्या दाजींनी दुकानातला क्यूआर कोड काढून ठेवला आणि आक्का बँकेतून रोकड काढून आली. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज. त्याचा सारांश असा: अमेरिकेच्या कोर्टानं गूगलचे तुकडे करायचा हुकूम दिलाय, तुकडे झाले की गूगल पे बंद आणि आपले पैसे अडकणार, फेसबुक तोडलं की व्हॉट्सअ‍ॅपलाही पैसे मोजावे लागणार, लोकांनी आवडीनं वापरल्या म्हणून या कंपन्या मोठ्या झाल्या, त्या मोडल्या की चीन घुसणार, आणि यात आपला काही संबंध नाही. घरातली माणसं अशी घाबरतात तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी पैशाचं, कारण खरं नुकसान तिथंच होतंय. गूगल पे ही बँक नाही. पैसे दाजींच्या बँक खात्यातच असतात. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, अ‍ॅप निरोप पुढं धाडतं, एनपीसीआय ही देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था तो दोन्ही बँकांपर्यंत पोचवते आणि रक्कम या खात्यातून त्या खात्यात जाते. २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय एनपीसीआयचं आहे, गूगलचं नाही. उद्या गूगल पे बंद पडलं, तरी तोच मोबाइल नंबर आणि तेच डेबिट कार्ड वापरून भीमवर किंवा बँकेच्या अ‍ॅपवर खातं जोडता येतं. दुकानात कोड नवा लावावा लागेल, एवढंच.

शिवाय कंपनी तोडणं म्हणजे तिला टाळं ठोकणं नव्हे. अमेरिकेत १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी तोडली. तिची स्थानिक सेवा सात कंपन्यांत वाटली गेली. दुसऱ्या दिवशीही फोन वाजतच होते. पुढं लांबच्या कॉलचे दर उतरले. स्थानिक बिलं मात्र वाढली, हे मान्य करायला हवं.

सर्चच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या शोधसेवेच्या खटल्यात तरी असा हुकूम झालेला नाही. अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये त्या खटल्यात गूगल मक्तेदार असल्याचा आणि ती मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच क्रोम हा गूगलचा ब्राउझर विकायला लावायची मागणी फेटाळली.

‘लोकांनी आवडीनं वापरल्या’ या मुद्द्याला उत्तरही त्याच निकालात आहे. फोन आणि ब्राउझरमध्ये गूगलच आधीपासून लावून मिळावं म्हणून या कंपनीनं एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली. झोनबंदी होती तेव्हा ऊस नेमून दिलेल्या कारखान्यालाच घालावा लागायचा. त्या कारखान्याचं गाळप वाढलं म्हणून शेतकऱ्यांनी त्याला पसंती दिली, असं आपल्याकडं कुणी म्हणालं असतं का?

व्हॉट्सअ‍ॅपच्या पैशाचं अर्धं खरं आहे. सुरुवातीला ते काही ठिकाणी वर्षाला एक डॉलर घ्यायचं. पण २०१४ मध्ये फेसबुकनं ते विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा पन्नासेक माणसं पंचेचाळीस कोटी लोकांची सेवा चालवत होती. मोठ्या मालकाशिवाय ते चालत नाही, असं कसं म्हणायचं? आणि ‘फुकट’चे पैसे दुसरीकडून जातातच. दाजी एका मोठ्या साइटवर बेदाण्याची किलोची पाकिटं विकतात. त्यांच्याच दुकानाचं नाव टाकून शोधलं, तरी वर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात येते. स्वतःच्या नावावर वर दिसायला त्यांना जाहिरातीचे पैसे भरावे लागतात, आणि तो खर्च पाकिटाच्या किमतीत येतो.

चीनचं म्हणाल तर टिकटॉक २०२० मध्ये सरकारी आदेशानं बंद झालं. गूगलच्या आकाराचा त्यात काही हात नव्हता.

उरला ‘आपला संबंध नाही’ हा मुद्दा. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम २८ मध्ये तर वर्चस्व असलेली कंपनी विभागण्याचा अधिकारच आयोगाला आहे. आणि यूपीआयचे चारातले तीनहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपवरून होतात. एक अ‍ॅप बंद पडेल या नुसत्या बातमीनं दुकानदार हादरतो तो म्हणूनच. एका अ‍ॅपकडं तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असं एनपीसीआयनं २०२० मध्येच ठरवलं होतं. ती मुदत दोनदा पुढं ढकलली आणि ३१ डिसेंबर २०२६ वर नेली. ती आणखी पुढं ढकलू नका, ही मागणी ग्रुपवर फिरवा.