मालकाकडून उत्तर: वस्तरा का थांबवला

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. रविवारी तुम्ही आमच्या सलूनमधून नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. गिऱ्हाईक रागावून गेलेलं कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही.

पण तुम्ही लिहिलंय, "माझी राजकीय मतं पटली नाहीत म्हणून तोंडाला फेस लावून १० मिनिटं मुद्दाम बसवून ठेवलं. मालक विरुद्ध पक्षाचा दिसतो." एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. मुद्दाम बसवलं हे मात्र खरं नाही, आणि हे वाचून बाकीची माणसं यायची थांबतील म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्या दाढीचा सुलट हात, म्हणजे केसांच्या दिशेने, झाला होता, गळ्याचा उलट हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध, बाकी होता. तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांशी निवडणुकीवरून तुमचं सुरू झालं. आधी दोघंही समोर आरशात बघून बोलत होतात. तेवढं चालतं, आम्हाला सवय आहे. मग त्यांनी तुमच्या नेत्याबद्दल काहीतरी म्हटलं आणि तुम्ही मान गर्रकन त्यांच्याकडे वळवलीत. वस्तरा त्या वेळी तुमच्या कानाखाली होता, साहेब. आमच्या कारागिराने हात झटक्यात मागे घेतला म्हणून निभावलं.

जबड्याखालचे केस एका दिशेने वाढत नाहीत, कुठे खाली तर कुठे आडवे जातात. तिथे डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरावी लागते, तेव्हा पातं नीट चालतं. माणूस बोलला की जबडा हलतो, गळ्याची घाटी वरखाली होते, ताण सुटतो आणि सैल कातडीत पातं घुसतं. आवाज चढल्यावर तर शिराही फुगतात. अशा वेळी वस्तरा खाली ठेवायचा, हे मी प्रत्येक कारागिराला सुरुवातीलाच सांगतो. गिऱ्हाईक कोणत्या पक्षाचं, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शेजारच्या गृहस्थांच्या मानेवर ट्रिमर चालू होता, तोही त्याच वेळी बंद केला होता. तेही अंगावर कापड घेऊन तसेच बसून होते. तुम्ही रागात होतात, लक्ष गेलं नसेल.

राहिली ती १० मिनिटं. मी मध्ये येऊन म्हटलं, "साहेब, एवढी दाढी होऊ द्या, मग बोला." तुम्ही म्हणालात, "आधी यांना उत्तर देऊ दे." तोवर फेस वाळला. वाळलेल्या फेसावर वस्तरा ओढला तर कातडी सोलवटते, आणि ओल गेली की केसही पुन्हा राठ होतात. म्हणून कोमट पाण्याने पुसून, पुन्हा ब्रश फिरवून मग उरलेली दाढी केली. तसाच वस्तरा ओढला असता तर तुमचा वेळ वाचला असता, पण दुसऱ्या दिवशी गळा लाल झाला असता.

मी कोणत्या पक्षाचा, हे दुकानात आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला मतं आहेत आणि ती पक्की आहेत, पण शटर वर गेल्यावर ती माझ्या तोंडून निघत नाहीत. आमच्या बाकड्यावर सगळ्या पक्षांची माणसं शेजारी शेजारी नंबर लावून बसतात आणि त्या सगळ्यांवर माझं आणि माझ्या माणसांचं घर चालतं. तुम्ही लिहिल्यापासून नेहमीची गिऱ्हाइकंही मला विचारायला लागली आहेत, "मालक, तुम्ही विरुद्ध पक्षाचे का?" याचा त्रास होतो.

दुकानातला टीव्ही निवडणूक होईपर्यंत बातम्यांवर लावणार नाही, आणखीही काय करता येईल ते बघतो.

पण खरं वाईट वाटलं ते कारागिराबद्दल. तुम्ही त्याला "उद्धट, विचारलं तर उत्तर देत नाही" म्हटलंय. तुम्ही त्याला विचारलं होतंत, "तू कोणाला मत देणार, सांग यांना." अहो, तो काय सांगणार? दोन्हीकडे गिऱ्हाईक, मागे मालक उभा. कोणाचंही नाव घेतलं तरी एक जण दुखावणार, आणि तो पुन्हा त्याच्या हाताखाली बसणार नाही. मतदान गुप्त असतं ते अशाच माणसासाठी, ज्याची रोजीरोटी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. त्याने हसून मान खाली घातली, कारण तसंच करायला मी त्याला शिकवलंय. त्याचा हात दुकानात सगळ्यात हलका आहे, हे तुम्हीच मागे एकदा म्हणाला होतात.

रिव्ह्यू ठेवा, स्टारही राहू द्या, माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. फक्त त्याच्याबद्दलची ती ओळ काढलीत तर उपकार होतील.

आपला,
सलूनमालक