ती क्लिप पाचगणीची नाही

पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक गाणं फिरतंय. सोबत मजकूर: ‘फ्रेडी मर्क्युरीचं पाचगणीच्या शाळेतल्या बँडबरोबरचं रेकॉर्डिंग, जुन्या बाजारात सापडलं. पूर्ण हवं असल्यास पैसे पाठवा.’ आवाज ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी याचाच आहे, बाकी सगळी थाप.

गाणं आहे ‘आय कॅन हिअर म्युझिक’. ते रोनेट्स या अमेरिकन गायिकांच्या गटाने पहिल्यांदा काढलं १९६६ मध्ये. फ्रेडीचं बुलसारा कुटुंब तर १९६४ मध्येच इंग्लंडला गेलं होतं. मग पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या त्याच्या ‘हेक्टिक्स’ बँडने ते वाजवलं कधी?

फ्रेडीने ते लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत गायलं. १९७३ मध्ये, क्वीनचा पहिला अल्बम यायच्या जरा आधी, ‘लॅरी ल्युरेक्स’ या टोपणनावाने रेकॉर्ड निघाली. नावात गॅरी ग्लिटर या तेव्हाच्या पॉप गायकाची टिंगल होती. नीट ऐका: मधला गिटारचा तुकडा ब्रायन मेचा, ड्रम्सवर रॉजर टेलर, दोघेही क्वीनचे. शाळकरी पोरं असं वाजवत असती तर काय हवं होतं! रेकॉर्ड आपटली. मागच्या बाजूचं ‘गोइंग बॅक’ मला जास्त आवडतं, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

दोन्ही गाणी २००० साली आलेल्या ‘द सोलो कलेक्शन’ या संचात रीतसर आहेत. पैसे पाठवू नका.