दोरीचं दुसरं टोक

श्रीनिवासनं भावापासून माग वेगळे काढले, हे सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर कुणाला नव्यानं सांगायची गरज नव्हती. तो यायच्या आतच दिल्यानं निकाल देऊन टाकला.

"बेस केलं! भागीदारी म्हणजे नुसती भानगड. वाघ बघ, एकटा फिरतो." दिल्याच्या मोबाइलवर वाघ, टी-शर्टवर वाघ, बुलेटच्या टाकीवर वाघ. त्याच्या प्रत्येक वादाचा शेवट वाघावरच होतो.

बसूनं बशी खाली ठेवली. "काय बोललालास बे? वाघाला दाट जंगल आहे, दबा धरून एकट्याचं भागतं. आपल्या नान्नजच्या माळावर लपायला काय आहे? कुसळं! तिथला लांडगा सशामागे एकटा जाईल, पण काळवीट पाडायचं म्हटलं की बहुतेकदा जोडीदार घेतो. शिकार बघून ठरवतात बे जनावरं. टी-शर्ट बघून नाही."

बसू हे सगळं मनापासून वाचतो, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं. युगांडातल्या न्गांबा बेटावरच्या चिंपांझींचा प्रयोग त्यानंच आम्हाला सांगितला. २००६ सालचा. जाळीपलीकडं फळी, फळीवर खाऊ. फळीच्या कड्यांतून एकच दोरी ओवलेली, दोन्ही टोकं चिंपांझीकडं. एकच टोक ओढलं तर दोरी सुटून हातात येते, खाऊ तिथंच राहतो. टोकं जवळ असली की चिंपांझी दोन्ही धरून एकटाच ओढायचा. लांब ठेवली की शेजारच्या खोलीची खुंटी काढून दुसऱ्याला आत घ्यायचा. दोघांतला एक निवडायचा असेल, तर आधी ज्याच्याबरोबर काम जमलं होतं त्यालाच.

"म्हणजे गरज पडली तरच!" दिल्या उसळला. "मतलबीच की!"

"हो. २०११ सालच्या प्रयोगांत तेच दिसलं. एकट्यानं आणि जोडीनं सारखंच मिळणार असेल तर चिंपांझी एकट्याचा रस्ता धरायचे. जोडीत जास्त मिळायला लागलं की जोडीकडं वळायचे. माणसाची तीन वर्षांची पोरं मात्र, मिळकत सारखी असली तरी, सोबतीकडंच जास्त गेली."

"आणि तेहतीस वर्षांची बुलेटवर," कुणीतरी मागून म्हणालं.

एवढ्यात श्रीनिवास आला. विषय बदलायचा प्रयत्न झाला, पण त्यानंच तो ओढून घेतला. "भाऊ वाईट नाही रे. सूत तो आणायचा, माग मी बघायचो, टॉवेलच्या ऑर्डरी दोघं मिळून. हिशोबाची वही तेवढी मला कधी दिसली नाही. मागितली की म्हणायचा, विश्वास नाही का?"

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग बसू म्हणाला ते मला शंभर टक्के पटतं. "चिंपांझींचंही घोडं तिथंच अडतं. जे एरवी शेजारी बसून खातात, तेच मिळून दोरी ओढतात. एकजण सगळा खाऊ बळकावणारा निघाला, तर दुसऱ्याला ओढता येत असूनही तो ओढत नाही. अडतं ते वाटणीत." भागीदारी मोडली की आपण स्वभावाला नावं ठेवतो. वही मात्र कुणी उघडून बघत नाही.

"हत्तींचं सांग की," श्रीनिवास म्हणाला. त्यालाही तोंडावर हसू हवं होतं.

थायलंडचे हत्ती, प्रयोग तसाच दोरीचा, २०११ सालचाच. जोडीदार येईपर्यंत ते दोरी न ओढता पाऊण मिनिटापर्यंत थांबायचे. पण त्यांतल्या एका तरुण हत्तिणीनं भलतीच युक्ती काढली. आपल्या टोकावर नुसता पाय ठेवून उभी राहायची. ओढायचं सगळं दुसऱ्यानं, खाऊ दोघांना.

"दिल्या!" तीन-चार जण एकदम ओरडले. गड्ड्याच्या जत्रेतला चादरींचा स्टॉल सगळ्यांना आठवला. गठ्ठे उचलले बसूनं, गिऱ्हाइकं ओरडून बोलावली बसूनं, आणि दिल्या गल्ल्यावर हात ठेवून भजी खात बसला होता.

"मग हत्तीण हुशारच झाली की बे!" दिल्या लाल झाला होता.

"हुशारच. न्गांबावर मात्र तिला कुणी दार उघडलं नसतं."

हसण्याच्या गदारोळात चहावाल्यानं ग्लास गोळा केले. दिल्यानं जरा दम घेतला आणि बसूच्या खांद्यावर हात टाकला. "यंदा गड्ड्यात स्टॉल लावायचा का नाही, तेवढं सांग."

"लावू की. गल्ल्यावर श्रीनिवास बसंल. तू गठ्ठे उचल."